बुटक्या खुर्चीचा हट्ट

मी एक जुनी बुटकी खुर्ची आहे. जबलपूरच्या एका पोलीस चौकीत राहते. आणि आधीच सांगून ठेवते मित्रांनो, माझी कीव करायची नाही.

खमरियाच्या कारखान्यात कामाला असलेल्या रामकृष्णकाकांनी जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून मला घडवलं. विभावरीकाकूंना अंगणात बसून भाजी निवडता यावी, म्हणून मी बुटकी. काकू माझ्यावर बसून मटार सोलायच्या आणि गुणगुणायच्या. फार सुखाचे दिवस होते ते! पुढे काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं आणि मला त्यांनी चौकीला देऊन टाकलं.

इथे मला मोठ्या टेबलासमोर मांडलं. पलीकडे हवालदाराची उंच खुर्ची, अलीकडे मी. तक्रार द्यायला आलेल्या माणसाची हनुवटी जेमतेम टेबलाच्या वर यायची. त्यात माझा एक पाय झिजला आणि मी डगमगू लागले. त्याचंही चौकीत कौतुकच झालं. "इस पर बैठा आदमी जल्दी सच बोलता है," असं म्हणून पोलीस हसायचे. आग लागो असल्या कौतुकाला!

एकदा कांचघर भागातली सत्यवती आली. बसमधून उतरून घरी जाताना मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी तिला गल्लीत ओढून मारलं होतं. हवालदार गुणवंत मूळचा नागपूरकडचा. "क्रमाने सांगा," तो म्हणाला. ती आधी तुटलेल्या चपलेबद्दल बोलली, मग मोटरसायकलबद्दल, मग पुन्हा चपलेबद्दल.

"अभी तो गाडी पीछे से आई बोलीं. आता समोरून काहून?"

"भाऊ, मी खोटं नाही बोलून राहिली."

"नीट आठवलं की या." त्याने वही मिटली.

ती उठून गेली तेव्हा माझी फळी तिच्या घामाने ओली होती. माझा नुसता संताप झाला. पण खुर्चीला विचारतो कोण?

दोन महिन्यांनी पोलिसांना शिकवायला अमितादीदी आल्या. मार खाल्लेल्या, भेदरलेल्या माणसाशी कसं बोलावं, हा विषय. सगळे जांभया देत होते. दीदी सरळ उंच खुर्चीत जाऊन बसल्या आणि गुणवंतला त्यांनी माझ्यावर बसवलं.

"गेल्या वर्षी मिरवणुकीत तुम्हाला दगड लागला ना? क्रमाने सांगा."

"आधी हेल्मेट पडलं... नाही, आधी आवाज... एक पोरगी रडून राहिली होती, लाल फ्रॉकवाली..."

"दगड डावीकडून आला की उजवीकडून?"

त्याने आधी डावा हात उचलला, मग उजवा. मी डगमगले. मुद्दाम!

"मग तुम्ही खोटं बोलून राहिले का, गुणवंतजी?"

आता कुणी जांभई दिली नाही. दीदी शांतपणे म्हणाल्या, "भीतीने आठवणी विस्कटतात. म्हणून माणूस खोटा ठरत नाही. जसं आठवेल तसं सांगू द्या, क्रम मागून लावता येतो."

त्याच संध्याकाळी गुणवंत सत्यवतीच्या दारात गेला आणि "चुकलं माझं, ताई," म्हणाला. हे त्यानेच नंतर चौकीत सांगितलं. तिने दार अर्धंच उघडलं. "येते मी. पण त्या बुटक्या खुर्चीवर बसणार नाही."

शाब्बास पोरी! इतक्या वर्षांत माझ्या मनातलं बोलणारी ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी गुणवंतने उंच खुर्ची टेबलाच्या अलीकडे आणून तिला दिली. स्वतः माझ्यावर बसला.

"मी उलटसुलट सांगीन," ती म्हणाली.

"सांगा ताई. मी लिहून राहिलो."

तिने चपलेपासून सुरुवात केली. त्याने चप्पलच आधी लिहिली. शेवटी तिने सगळं वाचलं, दोन ओळी बदलायला लावल्या आणि मगच सही केली.

आता माझ्यावर फक्त लिहिणारा बसतो. परवा माझ्या पायासाठी सुतार आला, तर गुणवंतने त्याला परत पाठवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मी सांगणार नाही. माझा पाय मुळीच दुरुस्त करू नका. माझ्यावर बसून लिहिणाऱ्याला तो डगमगता पाय रोज जाणवायला हवा, म्हणजे समोरच्याची भीती विसरली जाणार नाही. काळजी घ्यायची तर भेदरलेल्या माणसाची घ्या. त्याला पुन्हा कुणी माझ्यावर बसवायला निघालंच, तर तो टेकायच्या आधी मी मोडून पडेन. मग बसवा कुणाला बसवायचं ते!