अकरा दिवस कमी

…आणि चौकोन तर नखाएवढासुद्धा नव्हता. नियम पाळला का, ते त्यात ‘पूर्ण’, ‘अंशतः’ किंवा ‘नाही’ असं लिहायचं. ‘अंशतः’ लिहिलं तर शेपूट बाहेर लोंबेल, असं कालिनला वाटलं. प्रश्न साधा होता : ज्या विभागात तपासनीस आधी नोकरीला होता, तो सोडल्यापासून वर्षाच्या आत त्याने तपासलेला नाही ना? तपासनीस म्हणजे कालिन. हे तपासणाराही कालिनच. घरोघर गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर अंतर्गत लेखापरीक्षकांनी वर्षभर नजर ठेवायची आणि एक आठवडा स्वतःवर — सोमवारी राजधानीहून, सोफियाहून, माणसं हाच कागद पडताळायला येणार होती.

व्हॉल्व्हचं कोठार त्याने सोडलं चौदा मार्चला. पुढल्या वर्षी तीन मार्चला तेच कोठार तपासलं. अकरा दिवस कमी.

“अकरा?” शेजारच्या टेबलावरून स्त्राहिल म्हणाला. “अरे, तेवढ्यात मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडत नाहीत.”

“पिल्लू मानकांत बसत नाही.”

“मग तू कसा बसलास?”

कोठारातल्या नोकरीतून गालगुंडाची रजा वगळली तर? ईस्टर वगळला, कोठारप्रमुख गेनादीकाकांच्या नामदिनाच्या, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाच्या, मेजवानीनंतरचे दोन निकामी दिवस वगळले… असं वगळत गेल्यावर कालिनच्या लक्षात आलं, की आपण कोठारात कधी नोकरीला नव्हतोच. क्षणभर बरं वाटलं. पण ‘अंशतः’ लिहिलं, तर अहवालांखालची ती ओळ — ‘हे काम व्यवसायाच्या मानकांनुसार झाले आहे’ — पुसावी लागेल. आणि विभागप्रमुख पास्कालेवा मॅडमचं निवृत्तीचं वर्ष…

मॅडमचा जुना कागद फाईलीत होता. पंधरा वर्षांपूर्वी एका नियमापुढे त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं : ‘नाही. कारण : कंटाळा केला.’ कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलं नसतं. पुढे वर्षभर प्रत्येक अहवालाच्या तळाशी ती मानकांची ओळ नव्हती, त्या जागी ती का नाही एवढंच होतं, खाली त्यांची ठसठशीत सही. असं लिहिणाऱ्या बाईला लोक घाबरत का नाहीत, उलट आपणहून कपाटं का उघडून दाखवतात, हे त्याला आत्ता कळत होतं…

“मॅडम, सोफियावाल्यांना सापडेल का हो हे?”

मॅडमनी चष्म्यावरून तारखा पाहिल्या. “नाही सापडणार. तीच तर पंचाईत आहे, बाळा.” आणि त्या कॉफी आणायला गेल्या, काय लिहायचं, ते सांगितलंच नाही.

त्याने ‘अंशतः’ लिहिलं. मावलं. मग पुढचा रकाना : कारण. ‘तारीख लक्षात आली नाही’ — पण आली होती की. गेनादीकाका त्याला सगळ्यांदेखत ‘बोळ्या’ म्हणून हिणवायचे, आणि त्यांनी आपल्याला गळ्यात तपासनिसाचं ओळखपत्र घातलेलं पाहावं, म्हणून अकरा दिवस धीर निघाला नव्हता… मिरवायचं होतं, इतकंच? एवढ्याशा माणसाची एवढी काटेकोर चौकशी कुणीतरी करतंय, आणि ते कुणीतरी आपणच आहोत, याचा त्याला विचित्र आदर वाटला. पेन टेकलं. ‘मला’ — एवढं लिहून झालं, आणि पुढचा शब्द, कधी नव्हे तो, मला मुळीच अवघड वाटेना…