कुरकुरीचा शिक्का

मित्रांनो, या जगात आजवर जो काही न्याय झाला, तो माझ्यासारख्यांच्या जोरावर. मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मुठीचा, रबरी तोंडाचा. माझ्यावर एकच शब्द कोरलेला आहे: 'कुरकुर'.

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात माझी नोकरी. मुख्य कार्यालय दर महिन्याला तक्रारींचा आकडा मागायचं आणि आकडा फुगला की आमच्या साहेबांना जाब द्यावा लागायचा. तक्रारी कमी व्हाव्यात म्हणून त्यांनी फार विचार केला आणि मला बनवून घेतलं.

"हे बघा," साहेबांनी कारकुनाला समजावलं, "तक्रार असली की दुरुस्ती करावी लागते. कुरकुर नुसती ऐकून घेतली तरी भागतं."

"पण साहेब, यातली कुठली कोणती, हे ओळखायचं कसं?"

"मग शिक्का कशाला बनवलाय?"

तेव्हापासून माझी भरभराट झाली. पंखा बंद आहे? कुरकुर. जिन्याची पायरी निसरडी झालीय? कुरकुर. दोन महिन्यांत आकडा शून्यावर आला आणि कारखान्याला प्रशस्तिपत्र मिळालं. त्या दिवशी साहेबांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं. मी अगदी भरून पावलो.

मग एके दिवशी इस्त्रीच्या यंत्रावरची मावशी जिना चढून वर आली. तिच्या यंत्राला दोन तापलेले रूळ होते आणि ते थांबवायला एक लाल बटण. हल्ली ते बटण दाबलं तरी रूळ फिरतच राहायचे.

"भाऊ, तेवढं बटण बदला हो. एक दिवस माझा हात जायचा त्यात."

"मावशी, लेखी द्या."

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने लेकीकडून अर्ज लिहून आणला. ठप्प! पुढच्या महिन्यात दुसरा आणला. ठप्प! तिसऱ्या वेळी कारकुनाचा हात जरा घुटमळला.

"मारा की शिक्का," मावशी म्हणाली. "आणि नीट उमटू दे बाबा. मागचा पुसट आला होता, म्हणूनच काम अडलं असणार."

कारकुनाने खाली मान घालून मला दोनदा मारलं. मावशी समाधानाने जिना उतरली. मला लाज वाटली, मित्रांनो. पण शिक्क्याची लाज कोण विचारतो?

आठ दिवसांनी मावशीच्या उजव्या हाताची तीन बोटं रुळात गेली.

चौकशी समिती आली. तिघांनी सगळे कागद चाळले, ठसा सुबक आहे असंही एक जण म्हणाला. अहवालात त्यांनी लिहिलं: 'सदर यंत्राविषयी एकही तक्रार प्राप्त झालेली नव्हती.' ते खोटं नव्हतं.

म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो, मित्रांनो: कागदावर शिक्का पडला की काम झालं असं समजू नका. तो वाचा. कोणाला वाचता येत नसेल, तर वाचून दाखवा.

मावशीच्या जागी आता तिची लेक लागली आहे. तिने आईचे तिन्ही अर्ज मागून घेतले, उभ्याउभ्या वाचले आणि परत दिले. ती काहीच लिहून देत नाही.

बटण बदललेलं नाही.