डोंगराला लिहिलेला अर्ज

हे मी सांगितलं की तुम्ही म्हणणार, म्हातारा पुन्हा सुटला. म्हणा बापडे. माझ्या बोलण्यावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही आणि मीही कोणाला तशी गळ घातलेली नाही. पण ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, आणि नेमकी हीच कोणाला पटायची नाही.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर लेक आणि जावई टेबलावर नकाशा पसरून बसले होते. ही खुर्चीत, दुखरा गुडघा स्टुलावर ठेवून. पानगळीच्या आधी वरच्या डोंगरातली झाडं लालभडक होतात, ती बघायला जायचं ठरत होतं. तसं ते आमच्या घरात तीस वर्षं ठरतंय. यंदा एवढंच वेगळं, की डॉक्टरांनी हिला सांगून टाकलंय, "या वर्षी काय ते चढून घ्या. पुढच्या वर्षी पायऱ्यांचं नाव काढू नका." आणि जिथून सगळं रान दिसतं, तिथवर दोनशे दहा पायऱ्या आहेत.

"बाबा, तिकिटं आजच काढायचीत," लेक म्हणाली. "तीन की चार?"

मला कुठेच जायचं नव्हतं. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरपाशी उभा राहिलो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण पायांना ते अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. सकाळी उठतो तोच दमलेला. पण हिच्यासमोर हे कुठल्या तोंडाने बोलणार?

"तो डोंगर आपल्याला बोलवत नाही," मी म्हणालो. "एकदाच बोलावलं, आणि मग स्वतःच नको म्हणाला."

"झालं सुरू," लेक म्हणाली.

"सांगू दे गं," जावई म्हणाला. भला माणूस आहे. अजून नवा आहे.

तर मी सांगू लागलो.

आमच्या लाँड्रीत रजेचा अर्ज चाळीस दिवस आधी द्यावा लागे. आणि पानं कधी रंगणार हे जंगलखातं कळवायचं फक्त आठवडाभर आधी. म्हणजे दरवर्षी अंदाजाने तारीख टाकायची. रजा मिळे तेव्हा पानं हिरवीगार, पानं लाल होत तेव्हा मी वाफेत. असं बारा वर्षं चाललं. तेराव्या वर्षी मी वैतागून थेट डोंगरालाच अर्ज केला. रीतसर, समास सोडून. 'कामाच्या सोयीसाठी आपली नक्की तारीख कळवावी, ही विनंती.'

"पत्ता काय घातलात?" जावयाने विचारलं.

"डोंगर. एवढा मोठा आहे, पोस्टमनला दिसणार नाही का?"

आणि उत्तर आलं! पाकिटात एकच पान. अर्धं हिरवं, अर्धं लाल, आणि मधल्या शिरेवर बारीक टोचून लिहिलेलं, सतरा तारीख.

"ते पान कुठंय?"

"हिने केर काढला त्यात गेलं."

ही नुसती गुडघा चोळत होती.

मी सतरा, अठरा, एकोणीस अशी तीन दिवसांची रजा टाकली. हिने पिशवी भरली, दोन स्वेटर, थर्मास, आणि नवे बूट घेतले. ते बूट घालून घरातल्या घरात आठवडाभर चालत होती, चावू नयेत म्हणून. आणि सोळा तारखेला आमचा बॉयलर फुटला. अशी वाफ निघाली म्हणता! छप्पर टोपीसारखं वर उचललं गेलं. मुकादमाची मिशी सरळ झाली, ती शेवटपर्यंत वळली नाही. तो वाफेचा लोट वाऱ्यावर बसून निघाला तो थेट डोंगरावर. झाडांना वाटलं उन्हाळा आला. एका रात्रीत सगळी लाल पानं परत हिरवी!

"साठ कोसांवर?" जावई म्हणाला. "तोवर वाफ गार नाही का झाली?"

"हॉस्पिटलची वाफ होती ती. तिच्याने जंतू मरतात. साठ कोसांची काय कथा?"

लेक हसायला लागली. मलाही चेव चढला.

मग काय, रजा रद्द. तीन दिवस, तीन रात्री मी एकटा राबलो. चादरींचा ढीग तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागला. पेशंट तिथून हात बाहेर काढून आपापली चादर घेत होते. आणि घाईतसुद्धा आमचा पहिला नियम मोडला नाही हं. खिसा तपासल्याशिवाय कपडा पाण्यात टाकायचा नाही. डॉक्टरांच्या कोटातून थर्मामीटर निघत, एकदा तर अख्खं उकडलेलं अंडं निघालं. तो नियम मी घरी हिलाही शिकवला होता.

"म्हणून म्हणतो," मी शेवट केला, "त्या डोंगराच्या मनात नाही. तिकिटं तीनच काढा. मी घर सांभाळतो."

हिने स्टुलावरून पाय खाली घेतला.

"शिकवला होतात, आणि मी पाळला," ही म्हणाली. "त्या आठवड्यात तुमचा निळा कोट धुवायला काढला. खिशात रजेचा कागद होता. सतरा, अठरा, एकोणीस, मंजूर. खाली मुकादमाची सही."

"अगं, तो नंतर रद्द..."

"बॉयलर फुटला नव्हता. तुम्ही तिन्ही दिवस डबा घेऊन बाहेर पडलात आणि भाऊजींकडे जाऊन झोपलात. जाऊबाईंनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. संध्याकाळी घरी यायचात तेव्हा गालावर उशीच्या वळ्या असायच्या."

लेकीने नकाशावरून मान वर केली नाही. जावई माझ्याकडे बघत होता. मी गालावरून हात फिरवला, जणू अजून काही उमटलेलं असावं.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"त्या तीन दिवसांत तुम्ही जेवताना पेंगला नाहीत. वर्षात पहिल्यांदा." तिने लेकीकडे वळून सांगितलं, "चार काढ गं. ह्यांना गाडीत झोपू दे जाता-येता, काय झोपायचं ते. पायऱ्यांपाशी आलो की उठवीन मी. ही थाप होती, कळलं ना जावईबापू? पहिल्यापासून शेवटपर्यंत. फक्त बूट खरे होते."