कोल्ह्याच्या पिल्लाचा भात

इतकी वर्षं मुलांसाठी पुस्तकं लिहितेय, पण कुणा संपादकाच्या शब्दावर गोष्ट छापायला सोडली, असं एकदाही केलं नाही. आधी ती जाड कागदांवर रंगवते, आमच्या मोरिओकातल्या बालवाडीत नेते आणि लाकडी चौकटीतून एकेक चित्र सरकवत सांगते. मुलं चुळबुळली की ते चित्र बाद. मोठ्यांच्या मतावर माझा फारसा विश्वास नाही.

या वेळी प्रकाशकाचे नवे संपादक कुसाका तोक्योहून आले होते. माणूस सज्जन, पण ताकही फुंकून पिणारा. माझ्या गोष्टीत कोल्हीण बर्फात जाते, ती परत येत नाही आणि तिचं पिल्लू एकटं जगायला शिकतं. कुसाकांचं म्हणणं, शेवटी आईला परत आणा, नाहीतर असलं पुस्तक कोणती आई घरी नेईल? तसं केलं नाही तर छापणं अवघड आहे, हेही त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. मी म्हटलं, चला बालवाडीत. मुलं घाबरली तर आईला मी स्वतः परत आणीन. हरायची सवय नाही, म्हणून बोलून गेले खरी.

कुसाका मागच्या भिंतीशी गुडघे मोडून बसले. गोष्ट सुरू होतेय म्हणून मी लाकडी ठोकळे वाजवले, मुलं पुढे सरकली. कोल्हीण गेली. पिल्लू दारात वाट बघत बसलं. बर्फ वितळला, तरी आई आली नाही. एकही मूल जागचं हललं नाही. मनात म्हटलं, बघा कुसाका. मग शेवटचं चित्र आलं. पिल्लानं स्वतः भात शिजवलाय आणि वाडग्यात तोंड घालून जेवतंय.

"आजी, हे चुकलंय," पुढच्या रांगेतली चिहाया म्हणाली.

कुसाकांनी मान वर केली. त्यांना वाटलं असणार, आता आई येणार.

"काय चुकलं गं?" मी विचारलं.

"ते आधीच का जेवतंय? पहिला भात आईला ठेवायचा. घंटी वाजवायची, हात जोडायचे. मग आपण जेवायचं."

"तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? रोज मीच ठेवते. बाबा भात करपवतात, तरी आई काही बोलत नाही."

शेजारचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे आजोबांना ठेवतात. त्यांना जरा मऊ लागतो. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घाबरायचं तर लांबच. मला मात्र लाज वाटली. गेलेल्या नवऱ्याच्या तसबिरीपुढे रोज सकाळी पहिला भात ठेवणारी मी, आणि माझं पिल्लू इतकं हावरट कसं काढलं? लाजेपेक्षा आनंद मोठा होता, हेही सांगून टाकते. गोष्ट मुलांना पोचली होती, माझ्यापेक्षा पुढे गेली होती.

दाराशी कुसाका बूट घालायला बसले ते उठेचनात. नाड्या कधीच्या बांधून झाल्या होत्या.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "आईला परत आणू नका."

मी कुठे आणणार होते? पण तसं बोलले नाही, त्यांचे डोळे ओले होते.

घरी येऊन शेवटचं चित्र फाडलं आणि नवं काढायला बसले. आता त्यात दोन वाडगे आहेत. आईच्या भातातून वाफ निघतेय, पिल्लाचा वाडगा अजून रिकामा आहे.