काळी चकती

डोंगरावरून आलेले ऊन आधी निलगिरीच्या सालीवर रेंगाळले, मग तपासणीच्या खोलीत उतरून स्टीलच्या बेसिनवर सांडले. तिथून ते सावकाश टेबलावर सरकले, पिंजऱ्यातल्या लाकडाच्या भुशावर पिवळे झाले आणि शेवटी पांढऱ्या उंदराच्या कानातून गुलाबी होऊन पलीकडे निघाले. एवन ते पाहत राहिला. उंदराच्या पाठीवर काळ्या उंदराच्या कातडीची चकती होती. परकी, तरी रुजलेली.

ती त्याच्या म्हाताऱ्या गुरूने, इमांट्सने लावली होती, निवृत्त होण्यापूर्वी, अखेरची. अशाच उन्हात तो यायचा. त्याच्या कोटाला राईच्या पावाचा, शहाजिऱ्याचा वास असायचा. म्हणायचा, "पोरा, हे औषध परक्या कातडीवर तुटून पडणाऱ्या रक्तातल्या पहारेकरी पेशींना आवरतं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी म्हणतो, तेवढ्या काळात त्या शिकतात. मग औषध थांबव. चकती आपलीच म्हणून सांभाळतील."

"आणि नाही सांभाळली तर?"

"तर माझी कातडी लाव उंदराला!"

औषध थांबवून महिना होत आला होता. आयुष्यभराचा हा विश्वास खरा ठरला का, एवढेच ऐकायला म्हातारा आज चहाच्या वेळी येणार होता.

कोणत्या उंदराला औषध दिले, हे ठाऊक नसलेल्यानेच चकती तपासायची, असा तिथला रिवाज. इमांट्स निवृत्त झाल्यापासून मात्र एवन हा उंदीर एकटाच तपासत आला होता. आज शेजारच्या टेबलावर काम करणारी तुयेत हातमोजे चढवत आली.

"सरक रे. आपल्या बाळाला आपणच गोरं म्हणायचं, असं नाही चालत." तिने चकतीच्या कडेवरून बोट फिरवले. मग तिची थट्टा थांबली. "कड कडक झालीय, एवन. केसही हाताला येतायत."

"गारठ्याने असेल."

"इथे कधी गारठा असतो का, बाबा?"

त्याने उंदीर तळव्यावर घेतला. जिवंत कातडी दाबली की मऊ लागते, हे इमांट्सनेच त्याचे बोट धरून शिकवले होते. बाहेरून ओळखीचा खोकला ऐकू आला, पाठोपाठ हाक : "पोरा, पाव आणलाय!"

एवनने कडेवर बोट ठेवले. ती कालही अशीच कडक लागली होती, परवाही. पेशी काहीच शिकल्या नव्हत्या. औषध होते तोवर त्या फक्त गप्प होत्या.