काउंटरवरचा आवाज

आपण ओरडतो, हे सुधाकरला माहीतच नव्हतं. उभं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेलेलं. त्याच्या लेखी ते साधं बोलणंच. माग भंगारात गेले आणि त्याला बुधवाऱ्याच्या बाजारात जीवनशेठच्या साडीच्या दुकानात काम मिळालं. तिथे साडी उलगडून तो गिऱ्हाइकावर खेकसल्यासारखा बोले, "ले लो बहनजी! रंग नहीं जाएगा!" बायका मागे सरत. साडी विकतोय की दमदाटी करतोय, कळायला मार्ग नाही! शेवटी जीवनशेठने त्याच्या बायकोला, शोभाला, निरोप धाडला: दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर राम राम. सुधाकरला तोंडावर सांगायची शेठची हिंमत नव्हती आणि शोभाची जीभ रेटेना.

म्हणून एका दुपारी ती स्वतःच बघायला गेली. नेमक्या तिथे वैजयंतीताई बसलेल्या, शोभाच्याच लालबागच्या भजनी मंडळातल्या. काउंटरच्या पार दुसऱ्या टोकाला सुधाकर एका नव्या नवरीला साडी दाखवत होता. त्याच्या आवाजाने ती पोरगी एवढी दचकली की हातातला पदर सुटला. सगळं दुकान वळून बघायला लागलं.

"कोण हो हा रानटी माणूस?" वैजयंतीताई म्हणाल्या. "तुमच्या ओळखीचा आहे का?"

शोभाचे कान तापले.

"नाही बाई," ती हळूच म्हणाली. "मी कशाला ओळखते याला!"

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. मागावरची माणसं कानाने ऐकत नाहीत. त्या खडखडाटात समोरच्याचे ओठ वाचूनच त्यांचं काम चालतं. तिने वर पाहिलं. सुधाकर तिच्याच तोंडाकडे बघत होता. मग त्याने मान खाली घातली आणि साडीची घडी घालायला घेतली. धरणीने पोटात घ्यावं असं शोभाला झालं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिला मान वर करवेना. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. तो चटईवर बसला आणि इतक्या बारीक आवाजात बोलला की तिला जवळ सरकावं लागलं.

"लई जोरात बोलतो का मी?"

तिने होकाराची मान हलवली.

"मले समजतच नाही ना. कोणी सांगितलंच नाही कधी." तो तिच्याकडे वळला. "तू उद्यापासून दुकानात येऊन बस. माझा आवाज चढला की हात असा खाली कर. शिकून घेईन मी."

तिने पुन्हा मान हलवली.

"पण लोकं विचारतील, ही कोण म्हणून. काय सांगू त्यांना?"

शोभाने तोंडात पदर कोंबला आणि आतल्या आतच म्हणाली, "बायको."

"काय?" त्याने विचारलं.

पदर बाजूला करून, त्याच्याकडे तोंड करून, तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.