ग्लासापुरती धार

पडद्यावर ‘म्हस दमली, च्या प्या’ असा संदेश उमटला आणि मालक धैर्यशीलचा आवाज चढला.

"वर्धमानअण्णा, ही काय मस्करी? अकराला दूध संघाची मानसं येनार हायती!"

"संदेश मीच मस्करीत लिवलाय," वर्धमान म्हणाला. "अडकलंय मातर खरं."

एरवी ऑफिसात हशा पिकला असता. आज कुणी मान वर केली नाही. दूध संघाच्या कामासाठी वर्धमाननं स्वतः एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली होती. पण पहिली नोंद दाखवायच्या आधीच ती वर्षभराच्या दूध संकलनाच्या सगळ्या नोंदी काढत बसायची आणि कॉम्प्युटरचा जीव जायचा.

"आज चाललं न्हाय तर तुमची भाषा मोडीत. आन् तुमीबी घरी."

वर्धमानला सकाळचा गंगावेशीतला दूधकट्टा आठवला, जिथं म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोरच धार काढतात. आकाराम गवळी आधी बादली भरून ठेवत नाही. गिऱ्हाइकानं ग्लास पुढं केला की तेवढीच धार. मग हात सडावरच थांबतो. दुसरा ग्लास आला की तिथनंच पुढं.

त्यानं खुर्ची ओढली. भाषेत अर्धवट पडलेलं कोरूटीन, म्हणजे मधेच थांबू शकणारा प्रोग्रॅमचा तुकडा, उघडलं. एक नोंद द्यायची, जागच्या जागी थांबायचं, मागितलं की तिथूनच पुढं निघायचं, एवढंच त्याला शिकवलं. हुकुमाला नाव दिलं ‘पिळ’. नावावर तो स्वतःशीच खुदकन हसला.

अकराला संघाच्या प्रियदर्शनी मॅडम समोर बसल्या. पहिली नोंद झटक्यात आली.

"पुढची?"

आली.

"पुढची?"

तीही आली. धैर्यशीलला जोर चढला. "आता सगळ्या नोंदी फॅटच्या क्रमानं लावून दाखवतो, मॅडम!"

त्याचा हात बटणाकडे गेला. क्रम लावायचा म्हणजे अख्खं वर्ष एकदम पिळायचं. वर्धमाननं मालकाचं मनगट धरलं.

"दाबू नका. ते अजून येत न्हाय ह्या भाषेला. दाबलं की बसंल."

प्रियदर्शनींनी पडद्यावरची नजर काढून वर्धमानकडे बघितलं.

"बरं झालं आत्ताच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "काम चालू झाल्यावर कळलं असतं तर आमचीच फजिती होती. पुढची दाखवा."

करारावर सही झाली. मंडळी गेली. धैर्यशील मनगट चोळत होता.

"गिऱ्हाइकासमोर मालकाचा हात धरताय व्हय? उद्यापासनं येऊ नका."

"बरं की."

वर्धमाननं डबा पिशवीत टाकला. जाता जाता काहीतरी वात्रट बोलावं म्हणून दारात थांबला. मग पिशवी खांद्याला लावून तसाच बाहेर पडला.

कॉम्प्युटर त्यानं बंद केला नव्हता. ‘पिळ’ मॅडमनी बघितलेल्या शेवटच्या नोंदीवर उभं होतं, पुढची कोण मागतंय याची वाट बघत.